‘शिबोलेथ’ या शब्दाचे अर्थ एकमेकांपासून इतके दूर कसे गेले?

ताम्हण यांचा प्रश्न :

नमस्कार. ‘शिबोलेथ’ हा इंग्रजी शब्द अलीकडे मला तीन निरनिराळ्या ठिकाणी वाचायला मिळाला, आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ एकच असावा असे काही केल्या वाटेना. पहिले ठिकाण ग्रंथालयाचे. घरी बसून संशोधनपत्रिका वाचण्यासाठी प्रकाशकाच्या संकेतस्थळावर गेले, की ‘आपल्या संस्थेमार्फत प्रवेश करा’ असा एक पर्याय येतो आणि त्याच्या शेजारी कित्येकदा हा शब्द लिहिलेला असतो. तेथे ते एखाद्या संगणकप्रणालीचे विशेषनाम असावे, असे मी धरून चालले होते. त्यानंतर एका ब्रिटिश वृत्तपत्राच्या अग्रलेखात, सरकारने करांविषयीची आपली जुनी ‘शिबोलेथ’ आता टाकून द्यावीत, असे वाक्य वाचले. तेथे कालबाह्य झालेले आणि विचार न करता घोकले जाणारे मत, एवढाच अर्थ लागत होता. भाषाविज्ञानाच्या एका पाठ्यपुस्तकात मात्र, ज्याच्या उच्चारावरून बोलणारा आपला की परका हे ओळखता येते असा शब्द, अशी व्याख्या दिलेली होती.

कोशात पाहिले तर हे सारे अर्थ एकाखाली एक दिलेले आहेत आणि शेवटी मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘कणीस’ असा सांगितला आहे. कणसापासून अग्रलेखापर्यंतची वाट कोश दाखवत नाही. व्युत्पत्तीची एक ओळ पाठ करून माझे समाधान होणार नाही. एका अर्थातून दुसरा अर्थ कसा निघाला आणि मुळात कणीस हाच शब्द का, हे कोणी उलगडून सांगितल्यास मी आभारी राहीन.

मध्यरेषा यांचे उत्तर :

आधी मूळ गोष्ट नीट पाहू, कारण पुढचे सारे अर्थ तिच्याच पोटातून निघाले आहेत. ती हिब्रू बायबलातील ‘शास्ते’ या पुस्तकाच्या १२ व्या अध्यायात, पहिल्या सहा वचनांत आली आहे. यार्देन नदीच्या पूर्वेला गिलाद हा डोंगराळ मुलूख होता आणि तेथील लोकांचा सेनानायक होता इफ्ताह. त्याने अम्मोनी लोकांचा पराभव केल्यावर नदीच्या पश्चिमेकडचे एफ्राईम वंशाचे लोक चाल करून आले. लढाईला आम्हाला का बोलावले नाहीस, आता तुझे घर तुझ्यासकट जाळून टाकतो, असे त्यांनी त्याला धमकावले. इफ्ताहचे म्हणणे असे की मी हाक मारली होती, तुम्हीच आला नाहीत. त्यावरून जुंपली आणि एफ्राईमी हरले. त्यांना घरी परतायचे तर नदी ओलांडणे भाग होते, आणि यार्देनचे उतार गिलादी लोकांनी आधीच रोखून धरले होते. पळून आलेला कोणी ‘मला पलीकडे जाऊ द्या’ म्हणाला, की पहारेकरी विचारत, ‘तू एफ्राईमी आहेस काय?’ तो अर्थातच ‘नाही’ म्हणे. मग ते त्याला ‘शिब्बोलेथ’ असे म्हणायला सांगत. त्याला तो उच्चार जमत नसे, तो ‘सिब्बोलेथ’ म्हणे, आणि तेथेच उतारावर त्याला ठार मारले जाई. मेलेल्यांचा आकडा त्या ग्रंथात ४२,००० असा दिला आहे.

या हकिगतीत मला सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते, की हे दोन्ही पक्ष परके नव्हते. वंशावळीप्रमाणे एफ्राईम हा योसेफाचा एक मुलगा आणि गिलाद हा योसेफाच्या दुसऱ्या मुलाचा, म्हणजे मनश्शेचा नातू. दोघांचा देव एक, भाषा एक, चेहरामोहरा आणि पेहरावही एकच. भाऊबंदकीतले हे युद्ध होते. डोळ्यांना फरक दिसत नव्हता म्हणूनच कानांचा आधार घ्यावा लागला. आणखी एक बारकावा हिब्रू पाठातच आहे. भांडणाच्या वेळी एफ्राईमी लोकांनी गिलादवासीयांना ‘एफ्राईमाचे पळपुटे’ असे हिणवले होते. दोनच वाक्यांनंतर उतारावर जीव वाचवायला आलेल्या एफ्राईमी लोकांसाठी निवेदकाने नेमके तेच शब्द वापरले आहेत.

आता कणसाविषयी. या शब्दाला हिब्रूत दोन अर्थ आहेत. एक धान्याचे कणीस. फारोच्या स्वप्नात जी सात भरदार आणि सात वाळकी कणसे येतात, किंवा रूथ जी कणसे वेचायला शेतात जाते, तेथे हाच शब्द अनेकवचनात आहे. दुसरा अर्थ वाहत्या पाण्याचा लोंढा. ‘पुराने मला बुडवू नये’ अशी विनवणी असलेल्या ६९ व्या स्तोत्रात तो सापडतो. प्रसंग नदीच्या उतारावरचा असल्यामुळे दुसरा अर्थ तेथे अधिक शोभतो, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते आणि मलाही तेच पटते. पाण्याकडे बोट दाखवून ‘याला काय म्हणतात?’ असे विचारणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु पहारेकऱ्यांना अर्थाशी काहीच कर्तव्य नव्हते. ज्याच्या आरंभी तो ध्वनी आहे असा कोणताही शब्द त्यांना चालला असता. आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. या शब्दाचे महत्त्व तो काय सांगतो यात पहिल्या दिवसापासूनच नव्हते.

लेखनाच्या दृष्टीनेही हे वचन विलक्षण आहे. जुन्या हिब्रू लिपीत ‘श’ आणि ‘स’ या दोन्हींसाठी ‘शिन’ हे एकच अक्षर होते. दोहोंतला भेद दाखवणारा टिंब पुष्कळ शतकांनी आला. त्यामुळे चुकीचा उच्चार लिहून दाखवण्यासाठी लेखकाने ‘सामेख’ हे निराळेच अक्षर घेतले. तसे केले नसते तर बरोबर उत्तर आणि चुकीचे उत्तर कागदावर हुबेहूब सारखे दिसले असते. ग्रीक भाषांतरकारांची अडचण तर याहून मोठी होती, कारण त्यांच्या भाषेत ‘श’ हा ध्वनीच नव्हता. ग्रीक भाषांतराच्या एका जुन्या पाठात त्यांनी सरळ ‘कणीस’ या अर्थाचा ग्रीक शब्द घातला आहे, दुसऱ्यात ‘संकेतशब्द’. दोन्हीकडे गोष्टीचा प्राण गेला. जेरोमने लॅटिनमध्ये मूळ शब्द तसाच ठेवला आणि ‘याचा अर्थ कणीस’ अशी जोड दिली. मराठी भाषांतरकारांना मात्र काहीच सायास पडले नाहीत, कारण देवनागरीत श आणि स मुळातच वेगळे आहेत.

१९४२ साली स्पाइझर या अभ्यासकाने असा तर्क मांडला होता, की गिलादच्या बोलीत या शब्दाच्या आरंभी मुळात ‘श’ नसून दातांमध्ये जीभ ठेवून काढायचा एक जुना घर्षक ध्वनी टिकून राहिला असावा, आणि पश्चिमेकडच्या लोकांना तो साधत नसावा. यावर पुढे बराच वाद झाला. मूळ ध्वनी कोणताही असो, गोष्टीचा गाभा त्याने बदलत नाही.

कातळशिल्प यांचे उत्तर :

इंग्रजीतील प्रवासाबद्दल मी लिहितो. इंग्रजी वाचकांपर्यंत हा शब्द बायबलाच्या भाषांतरांतून पोचला, आणि १६११ च्या अधिकृत भाषांतराने तो घरोघरी नेला. १७ वे शतक हे इंग्लंडमध्ये पंथापंथांतील तीव्र संघर्षाचे शतक होते. प्रार्थनेत कोणते शब्द वापरावेत, कोणत्या वेळी गुडघे टेकावेत, धर्मगुरूने कोणता झगा घालावा, यांवरून माणूस कोणत्या बाजूचा हे ठरत असे. अशा काळात, बायबल तोंडपाठ असलेल्या लोकांना यार्देनच्या उतारावरची ती गोष्ट आपल्या भोवतालचीच वाटली असली पाहिजे. १६७१ साली मिल्टनने ‘सॅमसन ॲगोनिस्टिस’ या नाट्यकाव्यात या कत्तलीचा उल्लेख केला, तो मूळ घटनेला धरून. परंतु त्याआधीच हा शब्द लाक्षणिक अर्थाने रुळू लागला होता.

अर्थाची सरकत गेलेली वाट मला अशी दिसते. आधी तो केवळ उच्चाराची कसोटी होता. मग ज्या कोणत्या खुणेवरून आपला आणि परका ओळखता येतो, ती प्रत्येक खूण शिबोलेथ ठरली, मग ती एखादी रीत असो, पोशाख असो किंवा ठरावीक वाक्प्रयोग असो. त्यातून पुढे पक्षाची किंवा पंथाची घोषणा हा अर्थ आला, कारण ती घोषणा तोंडाने म्हणणे हाच आपण त्या पक्षाचे असल्याचा पुरावा मानला जातो. आणि जी गोष्ट केवळ आपलेपणा सिद्ध करण्यासाठी म्हटली जाते, ती खरी आहे की खोटी, हे हळूहळू कोणी विचारेनासे होते. तुमच्या अग्रलेखातील अर्थ येथे येऊन मिळतो. पहारेकऱ्यांना जसे कणसाशी देणेघेणे नव्हते, तसे घोषणा देणाऱ्याला त्या मताच्या खरेपणाशी उरत नाही. म्हणून हे तीन वेगळे अर्थ नाहीत, असे मी आग्रहाने म्हणेन. ही एकाच अर्थाची तीन वये आहेत.

यामुळेच अग्रलेख लिहिणारे जेव्हा ‘जुनाट मत’ एवढ्याच अर्थाने हा शब्द वापरतात, तेव्हा मला वाईट वाटते. जुनाट मतासाठी इंग्रजीत दुसरे पुष्कळ शब्द आहेत. एखादे मत उच्चारणे ही गटात राहण्याची अट झाली असेल, तरच त्याला शिबोलेथ म्हणावे. करवाढीला विरोध करणारे सगळेच शिबोलेथ जपत नसतात. विरोध न केल्यास पक्षातून उमेदवारी मिळणार नाही अशी स्थिती असेल, तर मात्र तो शब्द अचूक बसतो.

भाषेपुरता त्याचा आजचा उपयोग पाहायचा तर उत्तर आयर्लंडचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तेथे इंग्रजी वर्णमालेतील आठव्या अक्षराचे नाव प्रॉटेस्टंट घरांत बहुधा ‘एच’ असे, तर कॅथलिक घरांत ‘हेच’ असे घेतले जाते. संघर्षाच्या वर्षांत अनोळखी माणसाला वर्णमाला म्हणायला लावण्यामागचा हेतू तेथे सर्वांना कळत असे. एका शहराला ‘डेरी’ म्हणणारे आणि ‘लंडनडेरी’ म्हणणारे यांच्यातही तीच रेषा आहे. इंग्लंडमध्ये ही रेषा धर्माची नसून वर्गाची असते. ॲलन रॉस या भाषाभ्यासकाने १९५४ मध्ये उच्चवर्गीय इंग्रजीची लक्षणे सांगणारा निबंध लिहिला. नॅन्सी मिटफर्ड यांनी तो पुढे लोकप्रिय केला. जेवणाच्या टेबलावरील रुमालाला ‘नॅपकिन’ म्हणायचे की ‘सर्व्हिएट’, यावरून माणसाची जात ठरवणारा एक समाज त्यात स्पष्ट दिसतो. येथे मी ‘जात’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

ताम्हण :

दोघांचेही मनापासून आभार. ‘एकाच अर्थाची तीन वये’ हे आता नीट समजले. तरी दोन शंका राहतात. पहिली अशी की आपल्याकडे ज्याला परवलीचा शब्द म्हणतात, त्याच्यात आणि यात नेमका भेद काय? दुसरी अशी, की बायबलातील हकिगत इतक्या जुन्या काळची आहे की ती केवळ कथा म्हणून सोडून देता येईल. पण एका शब्दाच्या उच्चारावर माणसांचे जीव खरोखर गेल्याच्या नोंदी इतिहासात आहेत काय?

उंबरठा यांचे उत्तर :

पहिल्या शंकेचे उत्तर थोडक्यात देता येते. परवलीचा शब्द गुप्त असतो. तो फुटला की निरुपयोगी होतो आणि दुसरा ठरवावा लागतो. शिबोलेथ सर्वांना ठाऊक असला तरी चालतो. पहारेकरी तो मोठ्याने सांगतो, समोरच्याला तो ऐकू येतो, त्याने काय म्हणायला हवे हेही त्याला कळते, आणि तरीही त्याच्या तोंडून तो निघत नाही. परवलीचा शब्द माहीत असणे पुरते. शिबोलेथ माहीत असून भागत नाही, तो लहानपणापासून कानांत आणि जिभेवर बसलेला असावा लागतो.

दुसऱ्या शंकेचे उत्तर, दुर्दैवाने, होकारार्थी आहे. जुन्या युरोपातील दोन हकिगती नेहमी सांगितल्या जातात. १२८२ साली सिसिलीत फ्रेंच सत्तेविरुद्ध उठाव झाला तेव्हा संशयितांना ‘चिचिरी’, म्हणजे हरभरे, हा शब्द म्हणायला लावत असत. तसेच १३०२ च्या मे महिन्यात ब्रूज शहरातील बंडखोरांनी फ्रेंचांना ओळखण्यासाठी ‘ढाल आणि मित्र’ या अर्थाचे फ्लेमिश शब्द वापरले, असे परंपरा सांगते. उठाव आणि कत्तली खऱ्या आहेत, शब्दांचा तपशील मात्र परंपरेवर सोडलेला बरा. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये हेग शहराला लागून असलेल्या स्खेव्हेनिंगन या गावाचे नाव जर्मन माणूस ओळखण्यासाठी वापरत असत. डच माणूस आरंभी ‘स’ आणि मग घशातला ‘ख’ असे दोन सुटे ध्वनी काढतो. जर्मन माणसाच्या तोंडी तेथे सवयीने ‘श’ येतो. पुन्हा स आणि श यांचाच प्रश्न, हे लक्षात घ्यावे.

ज्या घटनेविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते ती जपानमधील आहे. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना तोक्यो आणि योकोहामा यांच्या परिसरात प्रचंड भूकंप झाला. घराघरांत दुपारच्या स्वयंपाकाच्या चुली पेटलेल्या होत्या. त्या आगींत आणि पडझडीत एक लाखाहून अधिक माणसे गेली. संध्याकाळपर्यंत अफवा उठली, की कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत आणि आगी लावत आहेत. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता आणि हजारो कोरियन मजूर या भागात काम करत होते. गल्लोगल्ली नागरिकांची गस्ती पथके उभी राहिली. त्यांच्या हाती बांबूचे भाले, तलवारी, जे मिळेल ते होते. रस्त्यावर माणूस अडवून त्याला ‘जूगोएन गोजिस्सेन’ असे म्हणायला लावत. याचा अर्थ ‘पंधरा येन पन्नास सेन’, म्हणजे निव्वळ एक किंमत. कोरियन भाषेत शब्दाच्या आरंभी ज किंवा ग यांसारखे घोष ध्वनी येत नाहीत. त्यामुळे कोरियन माणसाच्या तोंडून तेथे च आणि क यांच्या जवळचे उच्चार निघत. तेवढ्यावर निकाल होई. अशा रीतीने, आणि पुष्कळदा एवढीही चौकशी न करता, मारल्या गेलेल्या कोरियन लोकांची संख्या हजारांत जाते.

या कसोटीचे खरे स्वरूप त्याच आठवड्यात फुकुदा या खेड्यात उघडे पडले. हे खेडे तोक्योच्या शेजारच्या चिबा प्रांतातले. ६ सप्टेंबरला तेथे शिकोकू बेटावरील कागावा प्रांतातून आलेली औषधविक्र्यांची एक फिरती टोळी नदीच्या नावेपाशी थांबली होती. बायकामुलांसह ते पंधरा जण होते, आणि सगळे जपानी होते. पण त्यांची बोली दूरच्या प्रांताची, गावकऱ्यांच्या कानाला अनोळखी. हे जपानी बोलत नाहीत, असे गस्तीवाल्यांनी ठरवले आणि त्यांतील नऊ जणांना ठार मारले. त्यांत लहान मुले होती आणि एक गर्भवती स्त्री होती. शिबोलेथ परक्याला ओळखतो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात ओळखतो तो ऐकणाऱ्याचा कान, आणि त्या कानाने आपल्या गावाबाहेरची भाषा कधी ऐकलेली नसली तर त्याला सगळेच परके वाटतात.

१९३७ च्या ऑक्टोबरमधील डॉमिनिकन रिपब्लिकचे हत्याकांडही या संदर्भात नेहमी सांगितले जाते. हुकूमशहा त्रुहियोच्या आदेशावरून हैतीच्या सीमेलगत राहणाऱ्या हजारो हैतियन लोकांना मारण्यात आले. पार्सली या भाजीची जुडी दाखवून तिचे ‘पेरेहील’ हे स्पॅनिश नाव म्हणायला लावत असत, कारण हैतियन क्रिओल बोलणाऱ्याला स्पॅनिश ‘र’ साधत नाही, असे सांगितले जाते. हत्याकांडाचे इंग्रजीतील नावही या भाजीवरूनच पडले आहे. पुढे इतिहासकारांनी या गोष्टीबद्दल शंका घेतली. सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बरेच हैतियन दोन्ही भाषा बोलत असत, आणि कोण कोण आहे हे शेजाऱ्यांना पाठ होते. मारणाऱ्यांना कसोटीची गरजच नव्हती. असे असेल तर भाजीच्या जुडीची गोष्ट त्या भीषण प्रकाराला काहीतरी नियम होता असा आभास देते, आणि म्हणून ती सांगताना सांभाळून सांगावी, असे मला वाटते.

आह्निक यांचे उत्तर :

चर्चा वाचताना पतंजलीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. महाभाष्याच्या पहिल्याच, म्हणजे पस्पशा आह्निकात, व्याकरण कशासाठी शिकायचे याची कारणे सांगताना त्याने एक वाक्य दिले आहे : ‘तेऽसुरा हेलयो हेलय इति कुर्वन्तः पराबभूवुः।’ असुरांना ‘हे अरयः’, म्हणजे ‘अहो शत्रूंनो’, असे म्हणायचे होते. त्यांच्या तोंडून र ऐवजी ल निघाला आणि ते ‘हेलयः’ म्हणत पराभूत झाले. लगेच पुढे निष्कर्ष येतो, की म्हणून ब्राह्मणाने अपशब्द बोलू नये, कारण अपशब्द हाच म्लेच्छ होय. ही कथा त्याहून जुन्या शतपथ ब्राह्मणातही थोड्या वेगळ्या शब्दांत आहे.

हे हुबेहूब शिबोलेथ नव्हे, हे मान्य. येथे नदीचा उतार नाही, पहारेकरी नाही, कोणी कोणाची परीक्षा घेत नाही. यार्देनवर उच्चार चुकल्यामुळे माणूस ओळखला जातो आणि मारला जातो. येथे अशुद्ध उच्चार हेच हरण्याचे कारण आहे. आणि या दोन कथांचा एकमेकींशी संबंध जोडायला काहीही आधार नाही. तरीही एका व्यंजनाच्या दोन बाजूंना ‘आपण’ आणि ‘ते’ उभे करण्याची रीत दोन्हीकडे तीच आहे, आणि ते व्यंजन अंदाजाने निवडलेले नाही. प्राकृताचे व्याकरणकार मागधीचे लक्षण सांगतात ते हेच : र चा ल होतो आणि स चा श होतो. म्हणजे पूर्वेकडच्या बोलींचे एक खरेखुरे वैशिष्ट्य मध्यदेशातील लोकांच्या कानाला खटकत होते.

स आणि श यांची गोष्ट संस्कृत रंगभूमीवरही आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तील राजाचा मेहुणा जागोजागी स च्या ठिकाणी श उच्चारतो. त्या पात्राचे नावच ‘शकार’. देवलांच्या नाटकामुळे तो मराठी प्रेक्षकांनाही परिचित आहे. तो गर्विष्ठ आहे, क्रूर आहे आणि अडाणी आहे, हे नाटककाराने त्याच्या कृतींतून दाखवलेच आहे. पण प्रेक्षकाला त्याची पहिली ओळख होते ती त्याच्या उच्चारातून. मागधी बोलणाऱ्या प्रामाणिक माणसाला ते नाटक पाहताना काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पोथीशाळा यांचे उत्तर :

मी ग्रंथालयात काम करते, म्हणून संकेतस्थळावरील शब्दापुरते लिहिते. ‘शिबोलेथ’ हे खरोखरच एका संगणकप्रणालीचे नाव आहे. अमेरिकेतील विद्यापीठांच्या ‘इंटरनेट टू’ या संस्थेने २००० साली हा प्रकल्प हाती घेतला आणि २००३ मध्ये त्याची पहिली आवृत्ती निघाली. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘इनफेड’ या नावाने जी व्यवस्था उभारली ती याच प्रणालीवर चालते, आणि महाराष्ट्रातील पुष्कळ महाविद्यालयांचे विद्यार्थी तिच्यातून पत्रिका वाचतात.

ती चालते अशी : तुम्ही प्रकाशकाच्या दाराशी जाता, प्रकाशक तुम्हाला तुमच्या संस्थेकडे पाठवतो, तुम्ही आपले नाव आणि पासवर्ड संस्थेलाच देता, आणि संस्था प्रकाशकाला ‘ही व्यक्ती आमची आहे’ एवढे कळवते. प्रकाशकाला तुमचा पासवर्ड कधीच मिळत नाही, आणि संस्थेने तसे ठरवले असेल तर तुमचे नावही मिळत नाही. एखाद्या गटाचा सदस्य असल्याच्या खुणेवर प्रवेश, हा नावामागचा विचार स्पष्ट आहे. वर उंबरठा यांनी सांगितलेला भेद लावला तर ही व्यवस्था परवलीच्या शब्दावरच उभी आहे हे खरे. पण प्रकाशकापाशी पोचते ती निव्वळ आपलेपणाची खूण. नवीन विद्यार्थ्यांना ही प्रणाली समजावताना मी त्या नावामागची गोष्टही सांगते, कारण ते नाव रोज डोळ्यांसमोर असूनही कोणालाच ठाऊक नसते.

जाता जाता एक भर. कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांनी लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात ऑक्टोबर २००७ मध्ये याच नावाची कलाकृती केली होती. तेथील प्रचंड दालनाच्या काँक्रीटच्या जमिनीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६७ मीटर लांबीची भेग पाडलेली होती, आरंभी केसासारखी बारीक आणि पुढे रुंद होत गेलेली. युरोपात येणाऱ्या स्थलांतरितांना जी सीमा भोगावी लागते, तिच्याविषयी ती होती. प्रदर्शन संपल्यावर भेग बुजवली, पण तिचा व्रण जमिनीवर अजून दिसतो. वर वर्णन केलेल्या सगळ्या प्रसंगांत जो बळी जातो त्याच्या बाजूने हा शब्द वापरणारी ही कृती मला फार मोलाची वाटते.

ताम्हण :

इतके सगळे मिळेल असे वाटले नव्हते. सर्वांची ऋणी आहे. एक शेवटची विचारणा : या शब्दाचा उच्चार आज कसा करावा? ऐकताना शेवटचा ध्वनी प्रत्येक जण निराळा काढतो.

मध्यरेषा :

तुम्ही बरोबर ऐकले आहे. इंग्रजीत आघात पहिल्या अक्षरावर, मधला स्वर अगदी ओझरता, आणि शेवटी ‘थिंक’ या शब्दाच्या आरंभी येतो तो घर्षक. आपला महाप्राण ‘थ’ तेथे नाही. हिब्रूत आघात शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो. जुन्या परंपरेत शब्दाच्या अखेरचा ‘त’ घर्षक होता. इंग्रजीने त्याचे रूप जपले, आणि येमेनच्या ज्यूंच्या पठणातही तो टिकून राहिला. पूर्व युरोपातील ज्यूंच्या परंपरेत त्याचा ‘स’ झाला, म्हणून ते ‘शिबोलेस’ म्हणतात. आजच्या इस्रायलमध्ये साधा ‘त’ आहे, तेथे ‘शिबोलेत’ ऐकू येईल, आणि त्याचा रोजच्या वापरातला अर्थ अजूनही कणीस हाच आहे. यिद्दिशच्या लिथुआनियन बोलीत तर स आणि श यांचा भेदच पुसट झाला होता. त्या बोलीला इतर यिद्दिश भाषक ‘साबेस’वाल्यांची भाषा म्हणत, कारण ते शब्बाथला ‘शाबेस’ऐवजी ‘साबेस’ म्हणत असत. इंग्रजी बोलताना तुम्ही इंग्रजी उच्चार करावा, आणि मराठीत लिहिताना ‘शिबोलेथ’ पुरेसा आहे.